सहायक राज्यकर आयुक्त व्हायचंय? जाहिरातीपासून रुजू होईपर्यंतची सगळी वाट

मी या खात्यात आले तेव्हा कचेरीच्या पाटीवर ‘विक्रीकर’ लिहिलेलं होतं. निवृत्त झाले तेव्हा त्याच भिंतीवर ‘वस्तू व सेवा कर’ अशी नवी पाटी होती. आता दर रविवारी आमच्या गावच्या अभ्यासिकेत बसते आणि मुलामुलींचे अर्ज तपासते. अभ्यास कमी पडून ज्यांची पोस्ट हुकते त्यांचं दुःख मला कळतं, पण त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा लढता येतं. दाखल्यावरच्या एका तारखेमुळे ज्यांची पोस्ट जाते त्यांचं मात्र बघवत नाही. म्हणून या लेखात पुस्तकांच्या याद्या नाहीत. कागद, अर्ज, मुलाखत आणि पसंतीक्रम यांच्याबद्दलच जास्त आहे.

सरकारच्या करखात्यात वरच्या पदावर थेट जायचं, तर महाराष्ट्रात त्याचा मुख्य दरवाजा एकच. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेतून मिळणारं सहायक राज्यकर आयुक्त, गट अ हे पद. मुलं त्याला ‘एसीएसटी’ म्हणतात, म्हणजे असिस्टंट कमिशनर ऑफ स्टेट टॅक्स. वेतनश्रेणी एस-२०, म्हणजे मूळ पगार ५६,१०० रुपयांपासून सुरू, वर भत्ते वेगळे. पुढे बढतीने उपआयुक्त, सह आयुक्त, अपर आयुक्त असं चढत जाता येतं. ‘मी सीए आहे, दहा वर्षं प्रॅक्टिस केली आहे, मला थेट घेतील का?’ असं बरेच जण विचारतात. नाही घेत. या पदासाठी सीएलाही तोच अर्ज भरावा लागतो आणि तीच पूर्व परीक्षा द्यावी लागते.

आधी काम काय आहे ते बघा

एक माणूस तुमच्या टेबलासमोर येऊन उभा राहतो. हार्डवेअरचं दुकान आहे. हातात एएसएमटी-१०, म्हणजे विवरणपत्रातली तफावत दाखवणारी नोटीस. त्याने विवरणपत्रात जेवढी कराची वजावट घेतली (म्हणजे खरेदीवर दिलेला कर स्वतः भरायच्या करातून वजा केला) तेवढी त्याच्या २बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून तयार होणाऱ्या तक्त्यात, दिसत नाही, म्हणून कलम ६१ खालच्या छाननीत ती निघाली आहे. ३० दिवसांत खुलासा द्यायचा आहे. तो एवढंच विचारतो, ‘मॅडम, माल घेतला, कर भरला, बिल आहे. मग मी चुकलो कुठे?’

तो चुकलेला नसतो. ज्याच्याकडून माल घेतला त्या पुरवठादाराने आपलं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरलेलं नसतं, म्हणून ती वजावट याच्या खात्यात उतरलेली नसते. आणि कायद्याप्रमाणे ती उतरल्याशिवाय याला घेता येत नाही. हे त्याला त्याच्या भाषेत सांगायचं, खुलाशात काय जोडायचं ते समजावायचं आणि त्याच वेळी सरकारचा एक रुपयाही सोडायचा नाही, असं हे काम आहे. तुम्ही त्याचे सल्लागार नसता. पण तुम्ही नीट सांगितलं नाही, तर तो बाहेर कुणाला तरी पैसे देऊन चुकीचा सल्ला विकत घेतो. माझ्या सगळ्या नोकरीत मला या पदाचा सर्वांत मोठा उपयोग इथेच दिसला.

नोंदणी, विवरणपत्रांची छाननी, लेखापरीक्षण, कारणे दाखवा नोटीस, निर्धारणा (देय कर ठरवणं), परतावा, अन्वेषण, अशा शाखांमधून बदल्या होत राहतात. ज्याला खऱ्या अर्थाने ‘सरकारी कर-सल्ला’ म्हणता येईल असं एक आसनही या खात्यात आहे, ते म्हणजे अग्रिम निर्णय प्राधिकरण. एखाद्या वस्तूवर कर किती, वजावट मिळेल का, हे व्यापारी व्यवहार करण्याआधीच तिथे लेखी विचारू शकतो आणि अर्ज आल्यापासून ९० दिवसांत निर्णय देणं कायद्याने अपेक्षित असतं. तिथे एक सदस्य केंद्राचा, एक राज्याचा. पण त्या खुर्चीसाठी किमान सह आयुक्ताचा दर्जा लागतो. म्हणजे आज अर्ज भरणाऱ्याला तिथे पोहोचायला बरीच वर्षं आहेत.

या कामात गर्दी, मोर्चे, लाल दिवा यातलं काही नाही. आकडे, कलमं, सुनावण्या आणि आदेश लिहिणं आहे. आदेश लिहायचा ज्याला कंटाळा आहे त्याने हे पद पसंतीक्रमात वर ठेवू नये.

पात्रता

कोणत्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी चालते, वाणिज्यच हवी असं नाही. वित्त व लेखा सेवेसारख्या काही संवर्गांना (पदांच्या गटांना) वेगळी अर्हता लागते, तिची यात गल्लत करू नका. शेवटच्या वर्षाला असलात तरी पूर्व परीक्षा देता येते. मात्र मुख्य परीक्षेच्या अर्जाच्या वेळी पदवी हातात हवी. वयाची अट साधारण १९ ते ३८, मागासवर्गीय आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी ४३ पर्यंत. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते त्या वर्षीच्या जाहिरातीत असतं. मराठी लिहिता-वाचता-बोलता येणं आवश्यक आहे.

२८ मार्च २००६ नंतर झालेल्या अपत्यामुळे जिवंत मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल, तर लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाच्या नियमाने माणूस अपात्र ठरतो. लग्न झालेल्या उमेदवारांनी हे आधी बघावं, शेवटी नाही.

सीमाभागातल्या मुलांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक उमेदवारांना अर्ज करता येतो. त्यासाठी तिथल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. बेळगाव, निपाणी, बिदर भागातली किती तरी मुलं ‘आपलं अधिवास प्रमाणपत्र नाही’ म्हणून अर्जच भरत नाहीत. गोव्याची गोष्ट वेगळी. तिथे गोवा लोकसेवा आयोगाच्या जाहिराती असतात आणि त्यांत कोकणीचं ज्ञान अनिवार्य, तर मराठीचं इष्ट असं लिहिलेलं असतं.

जाहिरात दोनदा वाचा, दुसऱ्यांदा पेन घेऊन

सोशल मीडियावर फिरणारा एका पानाचा सारांश म्हणजे जाहिरात नाही. आयोगाच्या संकेतस्थळावरची मूळ जाहिरात उतरवून घ्या, छापा आणि चार गोष्टींखाली रेघ मारा: अर्जाची शेवटची तारीख, वय मोजण्याची तारीख, प्रत्येक दाखला कोणत्या तारखेला वैध हवा ती ओळ आणि संवर्गांचा तक्ता. त्या वर्षी शासनाकडून ज्या संवर्गांचं मागणीपत्र आयोगाकडे गेलेलं असतं, तेच तक्त्यात येतात. एसीएसटीच्या जागा एखाद्या वर्षी भरपूर निघतात, एखाद्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मध्येच शुद्धिपत्रक निघून जागा वाढतातही, म्हणून आठवड्यातून एकदा आयोगाचं पान उघडायची सवय ठेवा.

तक्त्यात उभं आरक्षण (जात-प्रवर्गानुसार) आणि आडवं आरक्षण (प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं) असे दोन भाग असतात. महिलांसाठी ३० टक्के, शिवाय खेळाडू, दिव्यांग, अनाथ यांच्या जागा आडव्या. आपला दावा नक्की कोणत्या चौकटीत बसतो ते कागदावर लिहून काढा. अर्जात हेच भरायचं असतं.

कागदांची फाईल: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

अर्जात तुम्ही जो दावा करता, तो अर्जाच्या वेळीच कागदाने सिद्ध व्हावा लागतो. ‘दाखला नंतर काढतो, आत्ता हो म्हणून टाकतो’ हा सर्वांत महागात पडणारा विचार. उलट दावा करायचा विसरलात, तर नंतर तो कुठलाही साहेब घालून देत नाही.

पहिलं, नॉन-क्रीमी लेअर, म्हणजे कुटुंबाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत आहे असं सांगणारा दाखला. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास या सगळ्यांना तो लागतो. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. खुल्या प्रवर्गातल्या महिलांना महिला आरक्षणासाठी पूर्वी लागायचा. ती अट २०२३ च्या शासन निर्णयाने काढली. हा दाखला आर्थिक वर्षाशी बांधलेला असतो आणि ३१ मार्चला संपतो. आता जाहिरात मार्चच्या अखेरीस आली आणि शेवटची तारीख एप्रिलच्या मध्यात पडली, तर? मार्चमध्ये बघून ‘माझा आहे की’ म्हणणाऱ्याचा दाखला एप्रिलमध्ये मेलेला असतो. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलाचं नेमकं हेच झालं. मुख्य परीक्षेत त्याला आलेले गुण आजही मला पाठ आहेत. तेव्हापासून मी सगळ्यांना जानेवारीतच तलाठ्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पाठवते. एका वर्षाचा दाखला त्याच मार्चला संपतो, म्हणून तीन वर्षांच्या वैधतेचा मिळत असेल, तर तोच काढा.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचं प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यातलंच हवं. बँक किंवा रेल्वेच्या परीक्षेसाठी काढलेलं केंद्राच्या नमुन्यातलं इथे चालत नाही. दोन्ही कागद दिसायला सारखे, म्हणून फसगत होते.

जातीचा दाखला आणि जात वैधता हे दोन वेगळे कागद आहेत. वैधतेला समितीकडे वेळ लागतो, पूर्वजांच्या शाळेच्या नोंदी मागतात, कधी दक्षता पथकाची चौकशी लागते. ज्यांच्याकडे बारावीच्या प्रवेशापासून वैधता आहे त्यांनी ती लॅमिनेट करून जपावी. ज्यांच्याकडे नाही त्यांनी पूर्व परीक्षेच्या अभ्यासाइतक्याच गांभीर्याने आजच अर्ज करावा.

विवाहित मुलींसाठी नाव ही मोठी अडचण असते. पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, जातीचा दाखला माहेरचा. यात चूक काही नाही, पण दोन नावं एकाच बाईची आहेत हे सांगणारा एक कागद मध्ये लागतो: विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद केलेली नसेल तर आधी ती करून घ्या.

याशिवाय दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, अधिवास, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन, संगणक अर्हतेचं प्रमाणपत्र आणि सरकारी नोकरीत असाल तर कार्यालयाची परवानगी. प्रत्येक कागद स्वच्छ स्कॅन करा, मोबाईलवर तिरका फोटो काढून नाही. फाईलचं नाव ओळखू येईल असं ठेवा आणि एक प्रत स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.

अर्ज भरताना

आयोगाच्या ऑनलाइन प्रणालीत आधी प्रोफाइल तयार होतं. ते आयुष्यभराचं समजा. मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा देऊ नका. मी पाहिलेल्या अडचणींतल्या निम्म्या तरी इथून सुरू झाल्या: ओटीपी कॅफेवाल्याच्या फोनवर, पासवर्ड त्याच्या वहीत आणि तो गावाला गेलेला. पासवर्ड विसरला म्हणून दुसरं प्रोफाइल काढू नका, जुनंच परत मिळवा.

नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे, स्पेलिंगसकट. पदवीची तारीख म्हणून निकालाची तारीख टाका, पदवीदान समारंभाची नाही. ग्रेड असतील तर विद्यापीठाच्या सूत्राने टक्के काढा आणि ते सूत्र छापून फाईलला लावा. ‘दावा आहे का?’ असं विचारलेल्या प्रत्येक जागी थांबा, समोर तो कागद ठेवा, त्यावरचा क्रमांक आणि तारीख वाचा, मगच ‘होय’ करा.

केंद्र निवडताना पूर्व परीक्षेला जवळचं शहर घ्या. आदल्या रात्री एसटीने प्रवास करून सकाळी पेपर द्यायची वेळ आणू नका.

अर्ज भरला म्हणजे अर्ज झाला असं नाही. शुल्क भरल्यावर खात्यात ‘भरलं’ अशी नोंद दिसेपर्यंत तो अपुरा असतो. बँकेतून पैसे वजा झाले आणि प्रणालीत नोंद नाही, असं शेवटच्या दिवशी हमखास होतं. म्हणून शेवटच्या तारखेच्या किमान पाच दिवस आधी मोकळे व्हा. पूर्ण झालेल्या अर्जाची प्रत छापून घ्या. मुलाखतीच्या दिवशी समोरच्या मंडळींकडे तुमची हीच माहिती असते.

पूर्व आणि मुख्य

यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, म्हणून मोजकंच सांगते.

पूर्व परीक्षेत दोन पेपर, प्रत्येकी २०० गुण, दोन-दोन तास. पहिला सामान्य अध्ययनाचा, १०० प्रश्न, गुणवत्ता यावरच ठरते. दुसरा सीसॅट, म्हणजे उताऱ्यांचं आकलन, तर्क आणि गणित यांचा, ८० प्रश्न, फक्त पात्रतेचा: ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण हवेत. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक चतुर्थांश गुण कापतात. सीसॅट पात्रतेचाच म्हणून मुलं सोडून देतात आणि पहिल्या पेपरात उत्तम गुण असूनही त्यात अडकतात. कला शाखेच्या मुलांनी आठवड्यातले दोन दिवस उतारे आणि गणित यांना द्यावेत. जागांच्या साधारण बारा पट उमेदवार मुख्य परीक्षेला जातात.

मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. हा बदल २०२३ मध्येच यायचा होता. पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि तो पुढे गेला. आता नऊ पेपर: मराठी आणि इंग्रजी प्रत्येकी ३०० गुणांचे, पण पात्रतेपुरते, २५ टक्के हवेत. निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०, वैकल्पिक विषयाचे दोन पेपर प्रत्येकी २५०. गुणवत्तेसाठी धरले जाणारे एकूण १,७५० आणि मुलाखतीचे २७५, मिळून २,०२५.

‘मला करखात्यात जायचंय, मग ऑप्शनल वाणिज्य व लेखाशास्त्रच घेऊ ना?’ हा प्रश्न दर रविवारी येतो. पदवी वाणिज्याची असेल, ताळेबंद बघून आनंद होत असेल, तर जरूर घ्या. पण पदाच्या नावाकडे बघून घेऊ नका. पद वाटताना तुमचा वैकल्पिक विषय कुणी बघत नाही, एकूण गुण बघतात. विधी, अर्थशास्त्र, लोकप्रशासन हे विषय या कामाला पुढे उपयोगी पडतात हे मी स्वतः पाहिलं आहे. तरी ज्या विषयाचं पुस्तक रात्री दहा वाजताही उघडावंसं वाटतं, तोच घ्या.

एक सवय मात्र आजच लावा: रोज हाताने दोन पानं. बहुपर्यायी परीक्षेवर वाढलेल्या मुलांची बोटं तिसऱ्या तासाला आखडतात. नीतिशास्त्राच्या चौथ्या पेपराकडे कोरडा विषय म्हणून बघू नका. वरिष्ठांचा फोन येतो, व्यापारी पाकीट सरकवतो, तपासणीत ओळखीचा माणूस निघतो. त्या पेपरातले हे प्रसंग या नोकरीत खरोखर समोर येतात.

मुलाखत

जागांच्या साधारण तिप्पट उमेदवार इथवर येतात. २७५ गुण पद बदलू शकतात, एवढं त्यांचं वजन आहे.

माझ्या मुलाखतीत समोरच्या सदस्यांनी टेबलावरचं पेन उचललं आणि विचारलं, ‘याच्या किमतीत कर कुठे आहे ते दाखवा.’ मी विक्रीकराची व्याख्या पाठ म्हणून दाखवली. त्यांनी ऐकून घेतली आणि पेन खाली ठेवलं. व्याख्या बरोबर होती, पण प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं. बाहेर पडल्यावर तो प्रश्न मला कित्येक दिवस सोडेना, आणि तेव्हापासून मी बिलं वाचायला लागले.

तुम्हीही बिलं वाचा. आज घरात आलेलं कुठलंही बिल घ्या. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: २७ महाराष्ट्र, ३० गोवा. पुढची दहा अक्षरं त्याचा पॅन. खाली कर दोन ओळींत अर्धा-अर्धा, एक केंद्राचा, एक राज्याचा. माल परराज्यातून आला असेल तर एकच ओळ, एकत्रित कराची. आता पेट्रोल पंपाची पावती बघा: तिच्यात जीएसटी नाही. कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन यांच्यावर तो अजून लागू केलेला नाही, म्हणून राज्य तिथे व्हॅट, म्हणजे जीएसटीच्या आधीचा मूल्यवर्धित कर, घेतं. पिण्याची दारू तर घटनेनेच बाहेर ठेवली आहे. ‘का?’ असा पुढचा प्रश्न येणारच: राज्याच्या हातात स्वतःचं म्हणून उरलेलं हे मोठं उत्पन्न आहे.

वजावट तोंडी समजावता यायला हवी. १८ टक्के कराची वस्तू कारखानदाराने दुकानदाराला १०० रुपयांना विकली, वर १८ कर. दुकानदाराने ती १५० ला विकली, गिऱ्हाइकाकडून २७ कर घेतला. आधी भरलेले १८ वजा करून तो सरकारला ९ भरतो. तिजोरीत एकूण २७ आले आणि ते सगळे गिऱ्हाइकाच्या खिशातून. एवढं तीस सेकंदांत, एकही इंग्रजी संज्ञा न वापरता सांगून बघा. घरच्यांना समजलं तर मुलाखत मंडळालाही समजेल.

काही गोष्टी पाठ नव्हे, पक्क्या हव्यात. १ एप्रिल २००५ ला राज्यात व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी. त्यासाठी १०१ वी घटनादुरुस्ती झाली, अनुच्छेद २७९क ने जीएसटी परिषद उभी राहिली. त्या परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांना मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतं. म्हणजे केंद्राला एकट्याने काही करता येत नाही आणि राज्यांना केंद्राशिवायही नाही. राज्यांमध्ये सगळ्यांचं मत सारखं, महाराष्ट्राचं गोव्याएवढंच. ‘देशात सर्वाधिक जीएसटी गोळा करणाऱ्या राज्याला हे न्याय्य वाटतं का?’ असं विचारलं तर तुमचं मत काय? याला ठरलेलं उत्तर नाही, पण मत हवं आणि त्यामागे कारण हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांत आल्या, काही निवडक वस्तूंवर ४० टक्के. तुमच्या गावच्या कोणत्या धंद्याला याचा काय फरक पडला, हे बाजारपेठेत जाऊन चार दुकानदारांना विचारून या. इचलकरंजीचा मुलगा यंत्रमागाबद्दल, नाशिकची मुलगी बेदाण्याबद्दल, सोलापूरचा चादरीबद्दल बोलला की मंडळ पुढे झुकून ऐकतं.

मुंबईतल्या उमेदवारांना जकातीबद्दल विचारतात. मुलुंड, दहिसर, वाशीच्या नाक्यांवरच्या ट्रकांच्या रांगा जीएसटीच्या दिवशी संपल्या. मग महापालिकेचं बुडालेलं उत्पन्न कसं भरून निघतं? राज्याने २०१७ मध्येच त्यासाठी वेगळा नुकसानभरपाई कायदा केला. हे माहीत असलेलं बरं.

येत नसेल तर ‘मला माहीत नाही’ असं सरळ म्हणा. करखात्यातला अधिकारी अंदाजाने बोलला, तर एखाद्याचा धंदा बसतो. हे त्या मंडळातल्या माणसांना पुरतं माहीत असतं.

पसंतीक्रम आणि माघार

सर्वसाधारण गुणवत्ता यादी लागली की ठरावीक दिवसांत ऑनलाइन पसंतीक्रम द्यावा लागतो. निकालाच्या आनंदात, सत्कारांच्या गडबडीत ही तारीख विसरलेली मुलं मी पाहिली आहेत. जो संवर्ग पसंतीक्रमात नाही त्यासाठी तुमचा विचार होत नाही.

उपजिल्हाधिकारी आधी, पोलीस उपअधीक्षक मग, एसीएसटी तिसरं, असा क्रम बहुतेक जण डोळे मिटून लावतात, कारण घरचे आणि क्लासवाले तसं सांगतात. तुम्ही स्वतःला विचारा. रात्री-अपरात्री फोन, निवडणुका, दुष्काळ, कायदा-सुव्यवस्था यांत जगायला आवडेल, तर महसूल किंवा पोलीस. एकाच विषयात खोल जायचं, वाचायचं, कायद्याचा अर्थ लावायचा असेल, तर एसीएसटी पहिल्या क्रमांकावर ठेवायला लाजू नका. खात्याचं मोठं काम मुंबई आणि पुण्यात आहे, मुख्यालय माझगावच्या जीएसटी भवनात आहे. म्हणजे बऱ्याचदा मुंबईत घर शोधावं लागतं, हेही हिशेबात धरा.

आधीच तेवढ्याच किंवा जास्त चांगल्या पदावर असाल आणि हे पद घ्यायचं नसेल, तर तात्पुरत्या निवड यादीनंतर भरतीप्रक्रियेतून बाहेर पडण्याचा विकल्प आयोग देतो. तो वेळेत द्या. तुमच्या मागे यादीत एखादा मुलगा एका जागेसाठी थांबलेला असतो. नुसतं रुजू न होता गप्प बसलात, तर ती जागा त्याच्या हाती लागत नाही.

आणि या सगळ्याला वेळ लागतो. म्हणून सोबत राज्यकर निरीक्षकाची परीक्षाही द्या. गट ब अराजपत्रितच्या संयुक्त परीक्षेतून ते पद मिळतं, मुलाखत नसते, वेतनश्रेणी एस-१४, मूळ पगार ३८,६०० पासून. आमच्या खात्यातले कित्येक उत्तम सहायक आयुक्त आधी निरीक्षक होते. नोटीस बजावायला दुकानात स्वतः गेलेला माणूस आदेश लिहितो, तेव्हा ते वाचताना कळतं.

निवड झाल्यावर

मूळ कागदांची तपासणी, वैद्यकीय तपासणी, पोलिसांची चारित्र्य पडताळणी, जात वैधता असा क्रम चालतो. साक्षांकन नमुन्यात, म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठी स्वतःची माहिती भरून द्यायच्या अर्जात, जुनी एखादी तक्रार किंवा गुन्हा असेल, अगदी कॉलेजच्या आंदोलनातला, तरी लिहा. माहिती लपवली हे सापडणं त्या गुन्ह्यापेक्षा जास्त नडतं. खासगी नोकरी करत असाल तर नियुक्तीपत्र हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका. शिफारस आणि नियुक्ती यांच्यात बरेच महिने जाऊ शकतात आणि घर त्या काळातही चालवायचं असतं.

मग परिविक्षाधीन प्रशिक्षण, म्हणजे नोकरीच्या चाचणी काळातलं. राज्यसेवेतून आलेल्या सगळ्या संवर्गांचं एकत्र प्रशिक्षण नागपूरला वनामती या सरकारी प्रशिक्षण संस्थेत होतं, पुढे खात्याचं वेगळं. जाताना दोन गोष्टी सोबत न्या. एक, मूळ कागदांची ती फाईल, कारण सेवापुस्तक भरताना तीच पुन्हा लागते. दुसरी, महाराष्ट्र वस्तू व सेवा कर अधिनियमाची छापील प्रत, मार्जिन मोठं असलेली. दर दुरुस्ती आली की त्या कलमाशेजारी तारखेसह पेन्सिलीने लिहा. माझी प्रत आता अभ्यासिकेत आहे. कलम १६ चं पान पार काळं झालं आहे आणि मुलं वजावटीबद्दल काही अडलं की आधी तेच उघडतात.